हौद्याची खालची बाजू

माझी बायको द्रुपदा गेली. तिच्या तेराव्याला माझ्या पुतण्यानं, सुरेशनं, एक कार्ड छापून आणलं. काळी चौकट, मधी तिचा फोटो, खाली नाव आणि नावाखाली एक शब्द – गृहिणी. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला वाचायला वेळ लागतो. पण हा शब्द मी तीनदा वाचला आणि मांडवात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या समोर, विचारलं, "सुरेश, हे कोणी लिव्हलं?"

"काका, प्रेसवाल्याकडं तयारच असतं ते. बायांच्या नावाखाली तेच टाकतात."

"तुझ्या काकूच्या उजव्या हाताचं मधलं बोट कधी पाह्यलं का?"

"काका, लोक बसलेत."

"बसू दे. पाह्यलं का न्हाई ते सांग."

त्यानं पाह्यलेलं नव्हतं. त्या बोटाचं नख मुळापासून काळं होतं. पाना सटकून चेपलं होतं आणि पुन्हा कधी सरळ आलं न्हाई. भाजी चिरून नख असं होत न्हाई. सुरेश म्हणाला, "काकू तर घरीच असायची काका. मी लहानपणापासून पाहून राह्यलो की." पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याचाच मला जास्ती संताप आला.

बदनापूरचे एक गुरुजी तेराव्याला आल्ते. ते दरसाल दिवाळीला अंक काढतात. जाताना म्हणाले, "बाबा, आज जे बोललात ते लिहून द्या, मी छापतो." मी म्हणालो, मला नीट लिव्हता येत न्हाई. ते म्हणाले, येतं तसं लिव्हा. म्हणून हे लिव्हलंय. शब्द चुकले असतील तर गुरुजींनी दुरुस्त करावे. राग मात्र जसा हाये तसा ठिवावा.

मी हौदा मिस्त्री. मालमोटारीच्या मागं माल भरायला जो उघडा भाग असतो त्याला हौदा म्हणतात. लोक मोटार घेताना इंजिन ऐकतात, टायर दाबून पाहतात, रंगावरून हात फिरवतात. हौद्याच्या तळाकडं कोणी पाहत न्हाई. तळ लाकडाचा. त्याच्यावर सरकीची पोती आपटतात, सिमेंट सांडतं, म्हशी उभ्या राहतात आणि म्हशी जे करतात ते करतात, लग्नात वऱ्हाडाच्या बाया बसून गाणी म्हणतात. वरून तो चांगला दिसतो आणि खालून सडत असतो. सडायला सुरुवात होते बोल्टापाशी. तिथं पाणी मुरतं, लोखंड गंजतं, लाकूड काळं पडतं, आणि एका दिवशी हमालाचा पाय फळीतून आरपार जातो. मंग मालक शिव्या देत माझ्याकडं यायचा. शिव्या लाकडाला असायच्या, पण ऐकायला मी.

आमचं घराणं मेंढरांमागचं. लाकडाशी आमचा संबंध हातातल्या काठीपुरता. मी जालन्याला करीम उस्तादच्या कारखान्यात लागलो तवा बाप म्हणाला होता, "सुताराच्या पोटी जन्मला न्हाईस, तुला रंधा धरता यायचा न्हाई." उस्तादनं पहिलं एक साल मला रंधा धरूही दिला न्हाई. नुसत्या जुन्या फळ्या उखडायला लावल्या. म्हणायचे, "पहले मरी हुई लकडी देख. कायको मरी, वो समझ. फिर नई को हात लगा."

हौद्याचा तळ बदलणं ऐकायला सोपं वाटतं. जुन्या बोल्टांना घासलेट पाजायचं, निघाले न्हाई तर छन्नीनं तोडायचे, फळ्या उखडायच्या. खालचे लोखंडी आडवे दांडे घासून त्यांना काळं तेल लावायचं. नव्या फळ्या रंधून, गिरमिटानं भोकं पाडून, बोल्ट ठोकून बसवायच्या. आमच्याकडं बाभळीच्या फळ्या चालायच्या. सागवान नवाबाला, बाभूळ गरिबाला, पण म्हशीच्या खुराखाली टिकते बाभूळच.

ह्या कामात दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात. पहिली म्हणजे हे काम एकट्याचं न्हाई. बोल्टाचं डोकं हौद्याच्या वर असतं आणि नट हौद्याच्या खाली. वरून पान्यानं डोकं धरलं न्हाई तर खालचा नट कितीही फिरवा, बोल्टही त्याच्यासंगं गरगर फिरतो. म्हणून एक माणूस वर आणि एक मोटारीच्या पोटाखाली, उताणा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत न्हाई. मंग बोलणं हातोडीनं. वरून एक टोला म्हणजे आवळ. दोन टोले म्हणजे बास, पुढचा. खालच्या माणसाच्या डोळ्यात गंज पडतो, तोंडात माती पडते, छातीवर सांडलेलं काळं तेल कितीही घासलं तरी निघत न्हाई. वरच्या माणसाला लोक मिस्त्री म्हणतात. खालच्याला काहीच म्हणत न्हाईत.

दुसरी गोष्ट फटीची. फळीला फळी कधी भिडवायची न्हाई. मधी फट ठिवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फुगलं की त्याला जागा लागते. उस्तादकडं त्याचं माप म्हणून तांब्याचा जुना ढब्बू पैसा होता, भोक पाडून दोऱ्यात ओवलेला. दोन फळ्यांच्या मधी ढब्बू उभा घालायचा, फळी त्याला टेकवायची, बोल्ट आवळायचा, ढब्बू काढून पुढं. बस, तेवढी फट. उस्ताद म्हणायचे, "उसकू जगा दे रे. जगा नही दिया तो वो खुद बना लेगी, और तेरी इज्जत ले जाएगी." त्यांच्या हाताला कंप सुटला आणि काम बंद झालं तवा त्यांनी तो ढब्बू मला दिला. दुसरं काहीच देण्यासारखं नव्हतं त्यांच्यापाशी.

मी मंठा रोडला पत्र्याची शेड टाकली. माझ्या हाताखाली एक गडी होता. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि तो गडी दुष्काळी कामावर निघून गेला. तिथं मजुरी होती, वर खायला सुकडी मिळायची. त्याला बोल लावत न्हाई. पण मी एकटा पडलो. अर्धा दिवस वर चढत होतो, अर्धा दिवस खाली घुसत होतो आणि बोल्ट गरगर फिरत होते. द्रुपदा भाकर घेऊन आली तवा मी मोटारीला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. तिनं टोपलं खाली ठिवलं.

"पाना द्या," म्हणाली.

"कशाला?"

"तुमी वर व्हा. मी खाली जाते."

"बाईमाणूस मोटारीखाली?"

"मंग तुमी दोन व्हा," ती म्हणाली आणि लुगड्याचा काष्टा आवळून सरपटत आत गेली. हसनाबादची पोर. लहानपणी विहिरीत उतरून गाळ काढलेली. तिला मोटारीखाली कसलं भ्या वाटणार? पहिल्या दिवशी तिनं बारा बोल्ट आवळले. खालून ओरडली, "आवं, टोला जोरात मारा की. मला वाटलं वर उंदीर पळाला."

आठ दिवसांत ती गड्यापेक्षा चांगली झाली. खालून फळी पाहून तिला कळायचं कुठं मुरलंय. ढब्बू मी सारखा हरवायचो, म्हणून तोही तिनं आपल्याकडं घेतला, पदराच्या गाठीत. मी "ढब्बू" म्हणालो की खालून हात वर यायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकानं बापाच्या बसायच्या जागेवरची बाभूळ तोडून आणली होती, म्हणाला, ह्याच झाडाच्या फळ्या घाला, म्हणजे बाप मोटारीत बसल्यासारखा वाटंल. ते लाकूड किडलेलं होतं. बाप किडका निघाला असं तोंडावर कसं सांगायचं? द्रुपदानंच सांगितलं, "दादा, बापाला मोटारीत नका घालू. घरात पाट करा त्याचा, रोज सामने राहील." तो खुशीनं गेला. बाईमाणूस खाली काम करतं ह्याची तवा कोणाला अडचण नव्हती. अडचण पुढं निघाली. आणि ती ज्याच्यामुळं निघाली त्याचं नाव मी इथं तात्यासाहेब लिव्हतो. खरं नाव लिव्हत न्हाई, त्याची नातवंडं चांगली हायेत.

मंठ्याकडचा मोठा माणूस. त्याच्याकडं एक जुनी विलायती पिकअप होती. पुढं दोघातिघांना बसायची केबिन, मागं आखूड हौदा. थोबाड बेडकासारखं फुगलेलं, दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. निजामाच्या टायमाला एका जहागीरदारानं शिकारीसाठी आणली होती म्हणे. हात बदलत बदलत तात्यासाहेबाकडं आली. इंजिन बिलकुल ठणठणीत. हौदा मात्र पार गेल्ता. मूळच्या फळ्यांच्या मधी लोखंडी पट्ट्या होत्या. पट्टी दोन्ही फळ्यांच्या कडा दाबून धरायची आणि फळी तिच्याखाली मोकळी राह्याची, फुगायला आटायला. विलायतेच्या माणसालाही उस्तादचीच गोष्ट ठाऊक होती तर. पण पट्ट्या गंजून पापडासारख्या झाल्त्या.

मी म्हणालो, "तात्यासाहेब, पट्ट्या लोहाराकडून करून घेऊ. मोटार जुनी हाये, मूळची ठेवण राहू द्या."

"पट्ट्याबिट्ट्या काही न्हाई. खर्चा कशाला? फळीला फळी भिडव. पत्त्याला पत्ता लावतात तसं. सरकारी ज्वारी वाहायची हाये, दुष्काळी कामावर. एक दाणा खाली पडला न्हाई पाह्यजे."

"थोडी फट ठिवावी लागंल."

"तुझ्या फटीतून गोरगरिबाची ज्वारी सांडंल, मंग तू भरून देशील का? जल्दी कर, परवा मोटार पाह्यजे."

आता ऐका. जुन्या फळ्या मी उखडून बाजूला टाकत होतो आणि द्रुपदा त्या चुलीला म्हणून रचत होती. रचता रचता थांबली. दोन फळ्या शेजारी शेजारी ठिवल्या, तिसरी लावली, आणि मला हाक मारली.

"हे पाहा. गोल डाग."

फळ्यांवर परातीएवढाले गोल उमटले होते. एकाला लागून एक, चार.

"ह्याच्यावर पिपं ठिवत व्हते," ती म्हणाली. "पाण्याची. तेलाची असती तं लाकूड सडलं नसतं."

"असतील पहिले. आता ज्वारी वाहायची हाये."

"ज्वारीवाला माणूस आपल्या मोटारीत पाणी कामून नेईल? ह्या साली पाण्याचाच पैका हाये. हा पुन्हा पिपंच ठिवणार. फट ठिवा."

"मालकानं न्हाई म्हणलंय."

"मालकाला लाकूड कळतं का तुमाला?"

तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुला काय कळतं? खाली जा अन् नट आवळ." हे वाक्य मी तिला पुष्कळदा बोललो असेन. पण हे एक मला ध्यानात हाये, जसंच्या तसं.

आणखी एक खरं सांगतो, मालकाचा धाक हे अर्धं कारण. अर्धं कारण असं की त्या साली आम्ही पाणीच विसरलो होतो. लागोपाठचे कोरडे पावसाळे. विहिरी खरवडलेल्या. त्या साली तोडलेली बाभूळ हाडासारखी वाळलेली, ठोकली की खणखण वाजायची. लाकूड फुगतं ही गोष्ट मला पाठ होती, पण ते फुगलेलं पाह्यला किती दिवस झाले होते! दार अडत नव्हतं, चौकट फुगत नव्हती. मिस्त्री कामात चुकतो तो हात चुकून न्हाई, तो जे दिवस चाललेत तेच कायमचे समजतो म्हणून. फळीला फळी अशी भिडवली की सुईसुद्धा जाणार न्हाई. मला त्याचा गर्वच वाटला. त्या दिवशी "ढब्बू" अशी हाक मी दिलीच न्हाई. तो तिच्या गाठीत राह्यला. प्रत्येक बोल्टाला एक टोला दिला, तिनं आवळला. दोन टोले दिले, ती पुढं सरकली.

पंधरा दिवस झाले असतील. तात्यासाहेबाचा माणूस यष्टीनं आला. "मिस्त्री, चला. तुमचा हौदा फुटला. साहेब आग झालेत."

हत्यारं आणि नवे बोल्ट पोत्यात भरले. द्रुपदा संगं निघाली. मी म्हणालो, तू काहून? ती म्हणाली, "खाली कोण जाणार? साहेब?"

मंठ्याच्या पुढं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. यष्टी सोडून कोसभर चाललो. उघडं माळरान, ऊन असं की दगडाला हात लावला तर फोड यावा. शे-दीडशे माणूस, जास्ती बायाच. काम बंद. सगळे पिकअपच्या भोवती, सावली सापडेल तिथं बसलेले. हौद्यात ज्वारीचा एक दाणा नव्हता. चार पिपं होती, दोन आडवी पडलेली. पाण्याची! तात्यासाहेबानं पाणी पुरवायचं काम घेतलं होतं. लांबच्या विहिरीवरून पिपं भरून आणायची, रस्ता खडबडीत, खेपेला थोडं पाणी सांडणारच. ते पंधरा दिवस फळ्यांनी पिलं. फळ्या फुगल्या, जागा मिळाली न्हाई, म्हणून मधीच उचलल्या. हौद्याच्या तळाची कमान झाल्ती. बोल्ट तुटून गेलेले, काहींची डोकी फळीतून आरपार. पिपं कलंडली आणि त्या दिवसाचं पाणी मातीनं पिलं. एक म्हातारी ती ओली माती फडक्यात घेऊन कपाळाला लावून बसली होती.

मोटार दुरुस्त होणार तवाच पाणी येणार. दुसरी मोटार न्हाई, बैलगाडीला बैल न्हाई. सगळे माझ्याकडं पाहून राह्यले होते.

तात्यासाहेब माझ्याकडं आला. मी तोंड उघडणार होतो. ज्वारी म्हणून खोटं कोण बोललं, पट्ट्या नको कोण म्हणलं, हे सगळं तोंडावर आलं होतं. पण त्याचं ध्यान माझ्याकडं नव्हतं. ते द्रुपदाच्या खांद्यावरच्या पान्याकडं होतं.

"ही कोण?"

"माझी मंडळी."

"ही मोटारीखाली जाते? माझ्या मोटारीला हिचा हात लागला?" तो लोकांकडं वळला. आवाज मोठा केला. "आता समजलं! मोटारीच्या पोटाखाली बाई घातली! नवा हौदा, नारळ फुटायच्या पहिले बाईनं हात लावला. मंग काय होणार? पाणी टिकंल का?"

बसलेल्या बायांतून ती कपाळाला माती लावलेली म्हातारी बोलली, "तात्या, तुमच्या तलावाचे धोंडे आमीच फोडून राह्यलो ना? त्याला न्हाई का बाईचा हात लागत? मंग तलावातबी पाणी टिकायचं न्हाई म्हणा की."

दोन-चार बाया हसल्या. तात्यासाहेब तापला. माझ्याकडं वळून म्हणाला, "तू सांग मिस्त्री. तू जाणता माणूस. वरचं काम तुझं, ते चुकलं का?"

मी वर पाह्यलं, खाली पाह्यलं. द्रुपदा तवर मोटारीखाली शिरून पाहत होती. फक्त तिचे पाय बाहेर. फट मी ठिवली न्हाई, हे एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर शंभर माणसांत मिस्त्रीपणा गेला असता, उस्तादचं नाव गेलं असतं, मंठा तालुक्याचं गिऱ्हाईक गेलं असतं. मी म्हणालो,

"खालून नट ढिले राह्यले असतील."

बस. एवढंच. खालून म्हणजे कोण, हे तिथं सगळ्यांना कळलं. तिचे पाय हलायचे थांबले. आणि मंग खालून लोखंडावर आवाज आला. टक, टक. दोन टोले. टोले द्यायचं काम वरच्या माणसाचं. खालून टोला कधी येत न्हाई. त्या दिवशी आला, एकदाच. दोन टोले म्हणजे बास.

ती भांडली न्हाई. खालूनच म्हणाली, "वर चढा. फळ्या काढा. माणसं तहानली हायेत."

मी फळ्या काढल्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा रंध्यानं तासल्या. अर्धवट फुगलेल्या होत्या, अजून पाणी प्यायच्या होत्या. पहिली फळी बसवली, दुसरी धरली, आणि मी बोलायच्या पहिले दांड्यांच्या मधून तिचा हात वर आला. बोटांत ढब्बू. तात्यासाहेब म्हणाला, "हे काय? बाईनं दक्षिणा काढली का?"

"न्हाई साहेब," ती खालून म्हणाली. "माप हाये. लाकडाला जागा लागते. तुमचं पाणी पिऊन ते फुगलं व्हतं."

ह्याच्यावरून कोणाला कळायचं ते कळलं असेल. तात्यासाहेबाला कळलं न्हाई, का कळून त्यानं न कळल्यासारखं केलं, ठाऊक न्हाई. दुपार कलायच्या पहिले हौदा झाला. मोटार विहिरीवर गेली, पिपं भरून आली. त्या म्हातारीनं पहिला लोटा स्वतः घेतला न्हाई, द्रुपदाला दिला. "पी माय. तोंडात माती गेली तुझ्या." मी बाजूलाच उभा होतो. मला कोणी दिला न्हाई. बराबर केलं.

तो हौदा पुढं वर्सानुवर्सं हलला न्हाई. पण माणसाच्या तोंडाला फट ठिवायचं माप नसतं. तालुकाभर बोललं गेलं, मंठा रोडच्या मिस्त्रीकडं बाई नट आवळते, ढिले राहतात. गिऱ्हाइकं यायची आणि पहिले वाकून मोटारीखाली पाहायची. एकजण म्हणाला, "काम तूच करशील ना? बाईला घालू नको." मी म्हणालो, न्हाई घालत. आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटाची चार पोती उसवून, शिवून, शेडच्या मधोमध एक पडदा टांगला. मोटार पडद्यामागं घ्यायची. गिऱ्हाईक अलीकडं बाकड्यावर. पडद्याच्या मागून ती खाली, मी वर. बाहेरून मिस्त्री एकटाच आत जाताना दिसायचा.

पडदा टांगला तवा मला वाटलं ती बोलंल. ती पडद्याकडं पाहून म्हणाली, "उजेड कमी येईल."

हातात बत्ती घेऊन तिनं पुढं काम केलं. किती वर्सं? शेड बंद होईपर्यंत. पुढं पत्र्याच्या हौद्याच्या मोटारी आल्या, लाकडाचा तळ मागायला कोणी राह्यलं न्हाई, तोपर्यंत. दीर-जावांना वाटलं तिनं काम सोडलं, पुतण्यांना तर ठाऊकच न्हाई. भाकर घेऊन जाते आणि डबे घेऊन येते, एवढंच त्यांनी पाह्यलं. म्हणजे सुरेश खोटं बोलला न्हाई. प्रेसवाल्यानंही छापायचं ते छापलं. मी मांडवात ज्याच्यावर ओरडत होतो तो पोरगा न्हाई, तो मीच. "काकू घरीच असायची" हे मीच त्या गोणपाटानं लोकांच्या डोळ्यांत भरलं. तात्यासाहेबाला शिव्या द्यायला सोप्या हायेत. तो एक दिवस बोलला. पडदा मी रोज ओढला.

तिला हे सांगायला मला अख्खा जलम होता. गेल्या साली ती आजारी असताना एकदा म्हणालो, "द्रुपदे, ते मंठ्याचं..." ती म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली. जेवा." मी जेवलो. मी असा माणूस.

तर इथं लिव्हतो, गुरुजी, हे मोठ्या अक्षरात छापलं तरी चालंल. मंठ्याच्या त्या पिकअपचे नट ढिले नव्हते. एकही नव्हता. फट मी ठिवली न्हाई. तिनं सांगितली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ढब्बू शोधायला लागलो. तिच्या लुगड्यांच्या गाठी पाह्यल्या, डबे पाह्यले, देव्हारा पाह्यला. सुरेश म्हणाला, "काका, एका पैशासाठी घर उलथंपालथं करून राह्यले." त्याला म्हणालो, चल माझ्यासंगं. शेड उघडली. पडदा अजून टांगलेला होता, धुळीनं जड झालेला. ओढला तर फाटून हातात आला. मागं तिची आंथरायची जुनी गोधडी, काळ्या तेलानं कातड्यासारखी झालेली, आणि दोन पाने. ढब्बू कुठं दिसंना. भिंतीला डोक्याएवढ्या उंचीवर माझे सगळे खिळे, त्यांच्यावर माझी हत्यारं. तिथं न्हाई.

मंग सुरेश खाली वाकला. "काका, हे काय हाये?"

जमिनीपासून वीतभर उंचीवर खांबाला एक खिळा होता. त्याला दोऱ्यात ढब्बू. उभ्या माणसाला दिसणार न्हाई, आणि दिसला तरी तिथं खिळा कोण ठोकंल? उताण्या पडलेल्या माणसाच्या हाताला बराबर यावा असा तो होता.

सुरेश काढायला लागला. मी म्हणालो, थांब. मी गोधडीवर बसलो, मंग आडवा झालो. गुडघे ऐकत न्हाईत आता, पोरानं खांदा धरला. उताणा पडून हात लांबवला. ढब्बू आपोआप बोटात आला.

तिथून मी बाकड्याकडं पाह्यलं, जिथं गिऱ्हाइकं बसायची. तिथून माणूस दिसत न्हाई. नुसते पाय दिसतात. ती कोणाच्याही पायावरून सांगायची, हा मालक चिडका हाये, हा भला हाये. मला वाटायचं, हिला कसं काय कळतं.

सुरेश माझ्या डोक्यापाशी उभा होता. म्हणाला, "काका, वर्सश्राद्धाला कार्ड पुन्हा छापावं लागंल. काय लिव्हू?"

"मिस्त्री," म्हणालो.

"लोक हसतील."

मला त्याचेही पाय तेवढेच दिसत होते. ते तिथून हलले न्हाईत. मंग त्यानं खाली बसून विचारलं, "मिस्त्री का हौदा मिस्त्री?"